मोकळी दावण आणि बीपीची गोळी

आमचे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, अहमदपूर तालुक्यातल्या गावी राहतात. पोरं पुण्याला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बैलजोडी विकली. पेरणी ट्रॅक्टरवर व्हायला लागली होती आणि कडबा परवडेनासा झाला होता. देवणी जातीतले वानेरा बैल होते ते, अंग पांढरंफेक आणि गालफडं काळी. विकल्यानंतरच्या दिवाळीत मी गावी गेलो, तर पहाटे चारला ओट्यावर खाट करकरली. नाना अंधारात दावणीपुढं उभे. खुंटे तसेच, गव्हाणीत जुन्या कडब्याचे चार धाट.

"नाना, झोपा की."

"डोळा लागंना बग. चारला जाग यायलीय अन् वैरण टाकायला कुणीच न्हाई."

त्याच महिन्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना बीपीची गोळी सुरू केली. बैल गेले म्हणून बीपी वाढलं असं मी म्हणणार नाही. वय सत्तरीचं, जेवणात ठेचा आणि लोणचं रोजचं, कारणं पुरेशी होती. पण जनावराच्या सोबतीचा आणि काळजाचा काही संबंध असतो का, हे मी तेव्हापासून शोधून वाचायला लागलो.

वाचताना पहिली गाठ पडली ती ओळखीच्याच गोष्टीशी. गाय पान्हावते कशी? वासरू लुचतं, किंवा धार काढणारा सडांना हात लावतो. ती जाणीव मज्जातंतूंनी मेंदूपर्यंत पोचते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या बारीक पेशी त्यानं आवळल्या जातात आणि दूध सडात येतं. हा जोर काही मिनिटंच टिकतो, म्हणून धार भराभर काढावी लागते. मध्येच कुत्रं भुंकलं किंवा परका माणूस गोठ्यात शिरला की भीतीचं अॅड्रिनलिन आडवं येतं आणि म्हैस पान्हा चोरते. चोरीचा आळ म्हशीवर, पण त्यात तिचा काही इलाज नसतो. याच ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं काही गोठ्यांत चोरून टोचली जातात. ते बेकायदेशीर आहे आणि जनावराच्या मुळावर येणारंही.

हेच संप्रेरक माणसात आईच्या दुधासाठी काम करतं, आणि आपल्या माणसाजवळ वाटणाऱ्या निर्धास्तपणातही त्याचा हात असतो. 2015 साली जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्री आणि त्यांचे मालक अर्धा तास एका खोलीत ठेवले आणि आधी-नंतर दोघांच्या लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. ज्या जोड्या एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत होत्या, त्यांच्यात ते दोघांचंही वाढलेलं होतं. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांबाबत तसं काही दिसलं नाही. लांडगा माणसाच्या डोळ्यांत फार वेळ बघतच नाही. म्हणजे भाकरीच्या तुकड्यासाठी दारात बसून टक लावणारं कुत्रं आपल्याला जे वितळवतं, त्यामागं हजारो वर्षांच्या सहवासाची कमाई आहे. अर्थात एका रेणूवर सगळी माया टांगू नये. वर्तमानपत्रं त्याला 'प्रेमाचं हार्मोन' म्हणतात, ते मला फारसं पटत नाही.

आता काळजाकडे येऊ. 1980 साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या 92 रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. घरी पाळीव प्राणी असलेल्या 53 जणांपैकी 3 दगावले, नसलेल्या 39 पैकी 11. आकडे वाचून कुणीही उद्याच पिल्लू आणेल. पण मुळात ज्याच्या अंगात त्राण आहे, घरात चार माणसं आणि हातात पैसा आहे, तोच प्राणी पाळतो. मग तो जगला तो प्राण्यामुळे की त्राणामुळे? ही गाठ अशा पाहणीतून सुटत नाही. 2017 साली स्वीडनमध्ये 34 लाखांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्या राहणाऱ्या कुत्रेवाल्यांमध्ये मृत्यूचा धोका 33 टक्के कमी दिसला. तिथंही हीच शंका उरते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2013 मध्ये सांगितलं ते मला शहाणपणाचं वाटतं: कुत्रा पाळल्यानं हृदयविकाराचा धोका कमी होत असेल, पण केवळ तेवढ्यासाठी कुत्रा आणू नका.

गाठ थोडी सैल करणारा प्रयोग बफेलो विद्यापीठाच्या कॅरन अॅलन यांचा. (नाव म्हशीचं, प्रयोग कुत्र्या-मांजरांचा.) शेअर बाजारातले 48 दलाल, सगळ्यांना वाढलेलं बीपी, सगळ्यांना एकच गोळी सुरू केली. त्यातल्या निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, कुत्रा किंवा मांजर पाळायला लावलं. सहा महिन्यांनी बघितलं तर निवांत बसल्या वेळचं बीपी दोन्ही गटांत गोळीनं सारखंच उतरलेलं. पण अवघड हिशेब घातले, भाषण करायला लावलं, की प्राणी नसलेल्यांचं बीपी उसळायचं. प्राणीवाल्यांचं तितकं नाही. गोळीचं काम गोळीनं केलं, आणि गोळीला जमत नव्हतं ते घरातल्या जनावरानं.

हे सगळे प्रयोग कुत्र्या-मांजरांचे, कारण पैसा देणारे देश तिकडचे. बैलाच्या मानेवर हात ठेवल्यावर शेतकऱ्याचं बीपी किती उतरतं, हे आमच्याकडं कुणी मोजायला हवं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, दावणी काही लांब नाहीत. जनावराला काय वाटतं ते मात्र मोजलं गेलंय. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2008 साली गाईंना वेगवेगळ्या जागी कुरवाळून बघितलं. जिथं गाई एकमेकींना चाटतात, त्या मानेखाली आणि खांद्याच्या उंचवट्यावर हात फिरवला की त्या मान लांब करतात, कान ढिले सोडतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी करताना हेच दिसतं. नाना हळद-लोणी घेऊन खांदा चोळायचे, तेव्हा डावा बैल मान ताणत ताणत त्यांच्या काखेत घालायचा, आणि मग खरखरीत जिभेनं कोपरापर्यंत हात सोलून काढायचा.

गोठ्याचा आणखी एक फायदा अनपेक्षित आहे. 2016 साली अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. अॅमिश लोकांचा गोठा घराला लागून, पोरं जनावरांत वाढलेली. हटराइट लोकांची शेती मोठी, यंत्रांची, पोरांपासून लांब. वंशानं दोघं जवळचे. दमा अॅमिश पोरांत 5 टक्क्यांच्या आसपास, हटराइट पोरांत 21. गोठ्याच्या धुळीतले जंतू लहानपणीच प्रतिकारशक्तीला वळण लावत असावेत. पण ज्या लेकराला दमा आधीच आहे, त्याला या वाचनाच्या भरवशावर गोठ्यात पाठवू नका.

आणि जनावर नुसती मायाच देतं असंही नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठायचा. मिरची-चुना भरत बसायचं नाही, रेबीज उलटला की इलाज नाही. गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हातानं ओढायचा नाही, दूध कच्चं प्यायचं नाही. त्यातून लागणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाचा ताप आणि सांधेदुखी महिनोन् महिने पाठ सोडत नाहीत.

गेल्या संक्रांतीला चुलत बहिणीनं नानांच्या दावणीला एक शेळी आणून बांधली. उस्मानाबादी, काळीभोर, कान लोंबते. आधी नाना फुरंगटले, बैलांच्या खुंट्याला शेळी म्हणून. आता चारला उठतात, सुबाभळीचा पाला टाकतात, तिच्याशी काहीबाही बोलतात. बीपी उतरलं का? गोळी चालूच आहे. फरक इतकाच, की पूर्वी ती आठवड्यातून दोनदा तरी चुकायची. आता खुंट्यावरच्या कोनाड्यात पाकीट ठेवलंय, पाला टाकला की गोळी.

परवा शेळी माजावर आली म्हणून दोन दिवस शेजारच्या गावी बोकडाकडं नेली होती. मी पाकीट बघितलं, त्या दोन दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.