मोबाइलवर खिळलेली नजर आणि टिकून राहिलेलं लक्ष

"एरवी दोन मिनिटं बसत नाही, पण मोबाइल दिला की अर्धा तास हलत नाही. म्हणजे लक्ष आहे हो त्याचं!" तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. गल्लत होणं साहजिक आहे, कारण खिळलेली नजर आणि टिकलेलं लक्ष बाहेरून सारखंच दिसतं: मूल एका जागी, तोंड बंद, नजर समोर.

व्हिडिओत दर काही सेकंदांनी दृश्य बदलतं, आवाज बदलतो. नव्या हालचालीकडे नजर आपोआपच वळते, त्यासाठी मुलाला काही करावं लागत नाही. मन उडायच्या आत पुढचं चित्र येतं आणि त्याला पुन्हा ओढून घेतं. मुलाला मटार सोलायला बसवलं, तर असं ओढणारं कोणी नसतं. पाचव्या शेंगेला कंटाळा येतो, कोपऱ्यातली गाडी आठवते, मूल तिकडे बघतं आणि मग आपणहून शेंगेकडे वळतं. सराव होतो तो या परत वळण्याचा. त्यामुळे मध्ये चुळबुळ केली, उठून उभं राहिलं, गाणं म्हटलं तरी काही बिघडत नाही. हात पुन्हा कामाला लागतात का, एवढं पाहायचं.

फरक ओळखायला व्हिडिओ किंवा काम थांबल्यानंतरची वेळ उपयोगी पडते. फक्त रडण्यावरून ठरवू नका. खेळ मोडला तरी मुलं रडतातच. थोड्या वेळाने मूल काय सांगतं ते ऐका. व्हिडिओतलं बहुधा तुटक येतं, "ट्रक आला, धडाम झालं". सोललेल्या शेंगांबद्दल मात्र "माझ्यात नऊ होते, बाबांच्यात सहाच" असं सांगतं.

२०११ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगात चार वर्षांच्या काही मुलांना नऊ मिनिटं वेगवान कार्टून दाखवलं, तर काहींना चित्रं काढायला दिली. लगेच नंतर धीर धरण्याची आणि नियम लक्षात ठेवण्याची कामं दिली, तेव्हा कार्टून पाहिलेली मुलं मागे पडली. हा तात्पुरता परिणाम होता, तेवढ्यावरून कायमचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. पण जेवायच्या किंवा गोष्ट वाचायच्या आधी मोबाइल का देऊ नये, हे त्यातून नीट कळतं.

आता मटारच घेऊ. हिवाळ्यात नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून शेंगा आणताना फुगीर आणि कडक निवडा. मऊ पडलेली शेंग दाबली की दुमडते, फुटत नाही, आणि मूल तिसऱ्या शेंगेलाच सोडून देतं. चार वर्षांच्या मुलासमोर ताटलीत पंधराच शेंगा ठेवा. किलोभर ढीग पाहिला की काम संपणार कधी ते त्याला दिसत नाही. दाण्यांना एक वाटी, सालांना एक. तुमच्या शेंगा वेगळ्या घ्या आणि सतरंजीवर शेजारी बसा. पहिली शेंग न बोलता, सावकाश दाखवा: टोक अंगठ्याने दाबायचं, शिवण उघडली की अंगठा आतून खाली सरकवायचा. टोक फुटत नसेल तर तेवढं तुम्ही फोडून द्या, बाकीचं त्याच्यावर सोडा. तीन वर्षांच्या मुलाला आठ शेंगा पुरतात. सगळा वेळ जवळ राहा, मटारचा दाणा नाकात घालून पाहणारी मुलं काही कमी नसतात.

काम फसतं ते बहुतेक वेळा मोठ्यांमुळेच. "रंग कोणता? किती झाले? इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" अशी सरबत्ती सुरू झाली की दर प्रश्नाला मुलाची तंद्री मोडते. कौतुकही दर शेंगेला नको. स्वयंपाकाची घाई म्हणून हातातली शेंग ओढून घेतली तर काम मोठ्यांचंच आहे असं त्याला वाटतं. भूक किंवा झोपेच्या वेळी तर सुरूच करू नका.

आणि आपला फोन. इंडियाना विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात साधारण वर्षाच्या बाळांची आणि पालकांची नजर मोजली गेली. बाळ ज्या खेळण्याकडे बघत होतं त्याकडेच पालकही बघत राहिले, तर पालकांनी नजर काढल्यावरही बाळाचं लक्ष जास्त वेळ टिकलं. म्हणून नुसतं शेजारी बसून स्क्रोल करणं म्हणजे सोबत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टीव्हीही बंद हवा. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना मोठ्यांचा कार्यक्रम लावून ठेवला, तेव्हा त्यांनी पडद्याकडे क्वचितच पाहिलं. तरीही त्यांचा खेळ तुकड्यातुकड्यांत झाला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं. अर्धा घड आणि तीन वाट्या: चांगले मणी, फुटलेले, देठ. निवडताना तोंडात टाकायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा मणी कधीच देऊ नका, तो घशात अडकून श्वास कोंडू शकतो. खायला देताना उभे चार तुकडे करा.

घराबाहेर जायचं तर हिवाळ्यात निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहेच; २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. लहान मुलाला दुर्बीण धरता येत नाही आणि पक्ष्यांची यादी त्याच्या कामाची नाही. एकच टिबुकली, म्हणजे बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी, निवडा. ती बुडी मारते, काही सेकंद पाणी रिकामं दिसतं. "कुठे वर येईल?" म्हणून बोट रोखायचं आणि वाट बघायची. काहीच घडत नसताना पाण्यावर नजर ठेवणं जमलं, की गोष्ट ऐकतानाही ते कामी येतं.

पडदा पूर्ण बंदच करा असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत पडदा टाळावा आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तमच. संथ कार्यक्रम निवडून शेजारी बसलात, मध्ये थांबवून "आता काय करेल तो?" विचारलंत, तर मूलही डोकं चालवू लागतं.

मूल नावाने हाक मारली तरी वळत नसेल, बोट दाखवलं तिकडे बघत नसेल किंवा आवडत्या खेळातही क्षणभर थांबत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.