बौद्धजन मंडळ (स्थानिक संघटना)

गावातील बौद्धवाडी, शहरातील चाळ किंवा वसाहत येथील बौद्ध कुटुंबांनी वर्गणीवर चालवलेल्या संघटनेस महाराष्ट्रात बौद्धजन मंडळ, विहार समिती किंवा नुसते ‘शाखा’ असे म्हणतात. विहाराची देखभाल, जन्म-विवाह-मृत्यूचे विधी, जयंती-पौर्णिमांचे कार्यक्रम आणि आपसांतील तंटे सोडवणे ही तिची मुख्य कामे होत.

या संघटनांची मुळे धर्मांतरापूर्वीच्या जातपंचायतीत आहेत. सामाईक भांडी, अडीअडचणीचा फंड आणि पंचांची बैठक ही व्यवस्था आधीपासून होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतल्यानंतर ती मोडली नाही, तिचे प्रयोजन बदलले. घरोघरचे देव्हारे रिकामे झाले, जुने नवस आणि जत्रा सुटल्या. मात्र लग्न कोणी लावायचे आणि मयताच्या वेळी काय म्हणायचे, हा प्रश्न प्रत्येक वस्तीसमोर लगेच उभा राहिला. बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले आणि भिक्खूंची संख्या तर फारच थोडी होती. त्यामुळे स्थानिक मंडळांच्या वाढीस वरून आलेल्या आदेशापेक्षा ही रोजची निकड अधिक कारणीभूत झाली, असे म्हणणे योग्य ठरेल.

या निकडीला आकार दिला तो बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र यशवंतराव तथा भैयासाहेब आंबेडकर यांनी तिची धुरा वाहिली. श्रामणेर शिबिरांतून (काही दिवसांपुरती भिक्खूजीवनाची दीक्षा देणाऱ्या शिबिरांतून) प्रशिक्षित झालेले गृहस्थ ‘बौद्धाचार्य’ म्हणून विधी लावू लागले. हे बहुधा गावचेच शिक्षक, गिरणी कामगार किंवा सरकारी नोकर असत. पांढरे वस्त्र अंथरलेल्या टेबलावर बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्ती, अगरबत्ती आणि पाण्याचे भांडे एवढ्या साहित्यात, त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाणे आणि पाच शीलांचे ग्रहण) आणि वधूवरांच्या प्रतिज्ञांनी मंगल परिणय, म्हणजे बौद्ध विवाह, पार पडतो. हुंडा, मानपान आणि मुहूर्त यांना त्यात जागा नाही. खर्चाच्या ओझ्याखाली दबलेल्या घरांना या साधेपणाने मोठा दिलासा दिला.

कोकणात या संघटनेला दुपदरी रूप आले. गावात एक कमिटी आणि मुंबईत गावकऱ्यांची दुसरी. पैसा मुंबईतून येई आणि श्रमदान गावात होई. सुरुवातीस झापाचे छप्पर, मग कौलारू खोली आणि पुढे स्लॅबचे विहार, असा अनेक वाड्यांचा प्रवास वर्षानुवर्षे जमवलेल्या वर्गणीतून झाला. प्रवेशद्वाराजवळच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे व रकमा कोरलेल्या असतात. लहान रकमाही वगळलेल्या नसतात. वाडीचा इतिहास वाचायचा तर ही पाटी आणि शाखेची जमाखर्चाची वही यांहून चांगले साधन नाही.

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख, तर २०११ मध्ये सुमारे ६५ लाख बौद्धांची नोंद झाली. या वाढीबरोबर मंडळांच्या कामातही भर पडली. विहारात अभ्यासिका, वाचनालये आणि बालसंस्कार वर्ग सुरू झाले. बाबासाहेबांच्या पत्नी माता रमाई यांच्या नावाने महिला मंडळे निघाली. अनेक ठिकाणी वंदनेला नियमित येणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात, तरी अध्यक्ष आणि खजिनदार ही पदे बराच काळ पुरुषांकडेच राहिली. ही उणीव मोठी आहे. राजकीय गटबाजीमुळे एका वस्तीत दोन मंडळे आणि जयंतीच्या दोन मिरवणुका असेही प्रकार घडले.

वर्षभरातील सर्वांत सातत्याचा कार्यक्रम वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यातील तीन महिन्यांच्या धम्मसाधनेचा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. शाळकरी मुलेही आळीपाळीने वाचतात आणि अडलेला शब्द वडीलधारी माणसे समजावून सांगतात. समाप्तीच्या दिवशी खीरदान होते.