पाइप ऑर्गनवरचं नवं संगीत: न थांबणाऱ्या सुराची पार्श्वभूमी

सोलापुरात ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. हुतात्मा स्मृती मंदिरात नाट्यपदं ऐकलेल्यांना त्याचा भरदार सूर सांगायला नको. पण तो पेटीच्या कुळातला, पितळी स्वरपट्ट्यांचा. चर्चमधला पाइप ऑर्गन नळ्यांचा असतो. बहुतेक नळ्या बासरीच्या जातीच्या, काही पत्तीच्या. नव्या संगीतकारांना या वाद्याचा एकच गुण भुरळ घालत आला आहे. आपल्याकडचा सुंदरीवादक कितीही दमदार असला तरी श्वास त्याचा स्वतःचा असतो. पाइप ऑर्गनचा श्वास वाजवणाऱ्याचा नसतोच. पट्टी दाबून ठेवली आणि वारा चालू राहिला तर सूर ना विरतो, ना थकतो.

पूर्वी मोठ्या ऑर्गनचे भाते ओढायला वेगळी माणसं ठेवावी लागत. विसाव्या शतकात त्यांची जागा विजेच्या पंख्याने घेतली आणि सूर खरोखरच बेमुदत झाला. तरीही बरीच वर्षं ऑर्गनसाठी लिहिणारे बहुधा स्वतः चर्चचे वादक असत आणि संगीत प्रार्थनेच्या चौकटीतच राही.

ती चौकट १९६२ साली मोडली. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या रेडिओने ऑर्गनसाठी नव्या रचना मागवल्या होत्या. त्यांतल्या एकीत वादकाच्या मदतनिसांनी ओरडायचं, खोकायचं, शिट्या मारायच्या होत्या. दुसरी, ‘व्होल्यूमिना’, एका हंगेरियन संगीतकाराची. तिच्यात सुटे स्वर लिहिलेलेच नव्हते. कागदावर आकृत्या होत्या आणि वादकाने तळवे व कोपरापर्यंतचे हात पट्ट्यांवर टाकून स्वरांचे गठ्ठे वाजवायचे होते. तालमीच्या वेळी स्वीडनमधल्या ग्योटेबोर्गच्या ऑर्गनमध्ये विजेचा बिघाड होऊन धूर निघाला. ही बातमी ऐकून ब्रेमेनच्या कॅथेड्रलने आपला ऑर्गन द्यायला नकार दिला आणि अखेर ध्वनिमुद्रण रेडिओवरून ऐकवावं लागलं. नव्या संगीताने वाद्य जाळलं, ही समजूत तेव्हापासून चिकटली, आणि ती अन्यायाची आहे. दोष वायरींमध्ये होता.

याच संगीतकाराने १९६७ साली उलटी वाट धरली: वारा कमी करायचा. दाब उतरला की नळी पूर्ण बोलत नाही, सूर ढळतो, फिका पडतो. त्यासाठी ऑर्गनच्या पंख्याऐवजी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरण्यापर्यंत प्रयोग झाले. माझ्या मते आजच्या ऑर्गनसंगीताचा खरा उगम या दुबळ्या वाऱ्यात आहे. ‘व्होल्यूमिना’च्या गडगडाटाला मात्र उगाच जास्त श्रेय मिळतं.

सर्वांत मोठा वाद मात्र वेगाचा. एका अमेरिकन संगीतकाराने १९८५ साली पियानोसाठी रचना लिहिली. सूचना इतकीच: शक्य तितकं सावकाश वाजवा. पियानोवर प्रश्न येत नव्हता, कारण तिथे सूर आपोआप विरतो. १९८७ साली त्याने तीच कल्पना ऑर्गनसाठी मांडली आणि ‘शक्य तितकं’ या शब्दांना मर्यादाच उरली नाही. त्याच वर्षीचं पहिलं वादन २९ मिनिटांत आटोपलं. पुढे २००९ साली अमेरिकेत एका वादिकेने ते जवळपास १५ तास वाजवलं.

संगीतकार १९९२ साली वारला. १९९७ साली जर्मनीत वादक, ऑर्गन बांधणारे, धर्मशास्त्राचे आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक एकत्र बसले. किती सावकाश शक्य आहे, हा विषय. उत्तर निघालं: ऑर्गन जितकी वर्षं टिकेल तितकं. मग हाल्बरश्टाट गाव निवडलं गेलं. तिथल्या कॅथेड्रलमध्ये १३६१ साली एक मोठा ऑर्गन बसला होता. २००० मधून १३६१ वजा केले, ६३९ आले, आणि वादनाची लांबी ६३९ वर्षं ठरली.

टीकाकारांचं म्हणणं सरळ आहे. हा आकडा स्वरलिपीत कुठेच नाही. संगीतकार हयात असताना २९ मिनिटं चालली, मग शतकं कशाला? शिवाय पट्ट्या वाळूच्या पिशव्यांनी दाबलेल्या असतात, म्हणजे वादक नाहीच. आकडा बाहेरून आला हे खरं. पण २९ मिनिटंही स्वरलिपीत नाहीत. तीही कोणीतरी ठरवलेलीच. सूचना गांभीर्याने घ्यायची तर वाद्याच्या आयुष्यापर्यंत जाणं मला प्रामाणिक वाटतं, आणि तशी संधी देणारं वाद्य हे एकच आहे.

एकेकाळी डुकरं बांधलेल्या पडक्या चर्चमध्ये ५ सप्टेंबर २००१ रोजी, संगीतकाराच्या जन्मदिनी, वादन सुरू झालं. रचना विरामाने सुरू होत असल्याने पहिले १७ महिने फक्त भात्यांचा आवाज होता. पहिला सूर ५ फेब्रुवारी २००३ रोजी उमटला. शेजारच्यांनी तक्रार केल्यावर ऑर्गनभोवती पारदर्शक पेटी बसवावी लागली. २०१३ मध्ये लागलेला स्वरमेळ २०२० पर्यंत बदलला नाही. पुढचा बदल ५ ऑगस्ट २०२६ रोजी नेमलेला आहे, आणि शेवट २६४० साली.

अलीकडचा वाद फ्रान्समधला. लांबलचक सुरांचं संगीत करणाऱ्या तरुण कलाकार चर्चमध्ये वाजवू लागल्या, तसा कट्टर कॅथलिक गटांनी विरोध सुरू केला. नांतमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये आणि कार्नाकमध्ये मे २०२३ मध्ये मैफली रद्द झाल्या. १९०५ च्या कायद्यामुळे तिथली जुनी चर्चेस सरकारी मालकीची आहेत. कॅथेड्रल राज्याची, बाकीची बहुतेक नगरपालिकांची. पण त्यांचा वापर उपासनेसाठीच राखलेला असल्याने मैफलीला तिथल्या धर्मगुरूंची संमती लागते. उपासनेची जागा उपासनेचीच राहावी, ही श्रद्धावंतांची भावना समजण्यासारखी आहे. वाट अडवून ऐकणाऱ्यांना परत पाठवणं समजण्यासारखं नाही.

म्हणूनच प्रयोगासाठी हक्काच्या जागा महत्त्वाच्या ठरल्या. ॲम्स्टरडॅममध्ये २००७ पासून एक जुनं चर्च केवळ ऑर्गनच्या मैफलींसाठी चालतं. कासेलमध्ये २०१७ साली नव्या संगीताचा विचार करूनच चर्चचा ऑर्गन बांधला गेला. त्यात वाऱ्याचा दाब वादकाला बदलता येतो आणि पाव स्वरांची वेगळी पट्टीही आहे. मींड येत नाही, श्रुती निघत नाहीत, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० पासून जवळपास तीन दशकं पेटीला दूर ठेवलं होतं. पाइप ऑर्गनला हेच आक्षेप लागू होते. वारा हळूहळू सोडला की नळीचा सूर आता मींडेसारखा खाली उतरवता येतो. मात्र तो किती उतरेल हे प्रत्येक नळीवर आणि प्रत्येक ऑर्गनवर वेगळं, त्यामुळे एका ठिकाणी बसवलेली रचना दुसरीकडे नेली की वादकाला ती जवळजवळ नव्याने बसवावी लागते.