सेल्फ रेझिंग पीठ आणि पथ्याचं खाणं

सेल्फ रेझिंग फ्लोअर म्हणजे ज्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते असा मैदा, अमेरिकेत ह्यालाच सेल्फ रायझिंग म्हणतात आणि तिथे त्यात मीठपण असतं, ब्रिटनमध्ये सहसा मीठ घालत नाहीत. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी पथ्यवाल्या माणसाचं अर्धं काम होतं, त्याबद्दल खाली सविस्तर आहेच. आपल्याकडे हे पीठ किराणा दुकानात सहसा मिळत नाही, पण युट्युबवरच्या परदेशी केकच्या रेसिपीमुळे नाव सगळ्यांना माहीत झालंय, आणि लंडन-लेस्टरकडे राहणारी आपली मंडळी दही घालून झटपट नान, भटुरे करायला हेच पीठ वापरतात.

ब्रिस्टलचा बेकर हेन्री जोन्स ह्याने 1845 साली ह्याचं पेटंट घेतलं. बोटीवरच्या खलाशांना महिनोन्‌महिने दगडासारखी कडक बिस्किटं खावी लागायची, यीस्ट तिथे टिकायचं नाही, तर नुसतं पाणी घालून ताजा ब्रेड भाजता यावा हा त्याचा विचार. ब्रिटिश नौदलाने मात्र बरीच वर्षं दाद दिली नाही, 1855 मध्ये कुठे ते पीठ बोटींवर गेलं. जोन्सच्या पेटंटच्या दोनच वर्षं आधी, 1843 मध्ये, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने यीस्टशिवाय फुगवणारी पावडर बनवली होती, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं. अंडंही चालत नव्हतं म्हणून त्याने बिनअंड्याचं कस्टर्ड त्याआधीच काढलेलं. म्हणजे बेकिंग पावडरच मुळात घरातल्या एका माणसाच्या पथ्यासाठी जन्माला आली, आणि मला ही गोष्ट ह्या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पीठ फुगतं कसं तर त्यात खायचा सोडा आणि एक कोरडं आम्ल, बहुतेक वेळा मोनोकॅल्शियम फॉस्फेट, शेजारी शेजारी गप्प पडून असतात, पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो आणि ओव्हनच्या उष्णतेने उरलेलं काम होतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ह्याची बिस्किटं करतात, आपली चहातली नव्हे, मऊ पदर सुटणारी, आणि त्यासाठी तिकडे कमी प्रोटीनच्या मऊ गव्हाचंच पीठ लागतं, व्हाइट लिली हा त्यातला जुना ब्रँड.

आता पथ्य. लोक पहिला प्रश्न मैद्याचा विचारतात, पण खरी नजर सोडियमवर पाहिजे. साध्या मैद्यात 100 ग्रॅमला जेमतेम 2 मिलिग्रॅम सोडियम असतं, अमेरिकन सेल्फ रायझिंगमध्ये तेच साधारण 1200 मिलिग्रॅमच्या आसपास जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 च्या खाली राहा म्हणते. गंमत बघा, खाताना हे खारट लागत नाही, केक गोडच लागतो, म्हणून बीपीवाल्या आजी-आजोबांना लोणचं-पापड बंद करून कौतुकाने मोठा तुकडा दिला जातो. ब्रिटिश पिठात मीठ नाही म्हणून आकडा बराच खाली असतो पण शून्य नाही, कारण सोडा स्वतःच सोडियमचा आहे.

किडनीच्या पेशंटला आणखी एक अडचण, ती म्हणजे फॉस्फेट. धान्यातलं नैसर्गिक फॉस्फरस शरीर पूर्ण शोषत नाही, पण असं वरून घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं आत जातं, आणि डायलिसिसवर असलेल्याला फॉस्फरस मोजून खावं लागतं. सोडियम टाळायला काही जण कमी सोडियमची बेकिंग पावडर सुचवतात, तिच्यात पोटॅशियम असतं, आणि किडनीच्या आजारात पोटॅशियम पण त्रास देऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन ह्या प्रोटीनने आतडी बिघडतात तो आजार, असेल तर नेहमीचं सेल्फ रेझिंग पीठ पूर्ण बाद, ते गव्हाचं आहे, विषय संपला. ग्लुटेन फ्री सेल्फ रेझिंग ब्रिटनमध्ये सहज मिळतं, तांदूळ, बटाटा, टॅपिओका, मका वगैरेंचं, त्यात चिकटपणासाठी झँथन गम असतो. इथे घरी करायचं तर तांदूळ, ज्वारी, नाचणीचं पीठ घ्या आणि गमऐवजी थोडं इसबगोल घाला, छान धरून राहतं. पण ज्वारी कुठून दळून आणली हे बघा!! कोपऱ्यावरच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू दळलेला असतो, जात्यात आणि पिठाच्या कापडी पिशवीत तो राहतो, आणि ग्लुटेन फ्री म्हणवायला किलोला 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, चिमूटभर गव्हाच्या पिठाने सुद्धा ही मर्यादा ओलांडली जाते. घरगुती छोटी चक्की, फक्त त्याच धान्यांसाठी ठेवलेली, हाच खात्रीचा मार्ग. बेकिंग पावडरच्या डब्यावरही नजर टाका, आत स्टार्च मक्याचा आहे की गव्हाचा ते लिहिलेलं असतं. आणि गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार आहे, काही ग्लुटेन फ्री पाकिटांत ग्लुटेन काढलेला गव्हाचा स्टार्च असतो, तो ह्या लोकांना चालत नाही.

व्हीगन आणि बिनअंड्याचं खाणाऱ्यांना पीठ स्वतः चालतं, अंडं-दूध काही नसतं त्यात, यीस्टही नाही त्यामुळे यीस्ट टाळणाऱ्या जैन घरांतही सोय होते. डायबेटिसमध्ये मात्र हा साधा मैदाच समजायचा, बेकिंग पावडरने साखर वाढण्यात काही फरक पडत नाही, कणकेचं घरी बनवलं तर फायबर थोडं मिळतं इतकंच. उपासाला गहूच चालत नाही, राजगिरा किंवा शिंगाड्याच्या पिठात दही आणि चिमूटभर सोडा घालून काम भागतं, अर्थात तुमच्या घरी सोडा चालत असेल तर.

म्हणून माझं मत, पथ्य असलेल्या घरात तयार पाकीट आणूच नये, घरी मिसळावं. 150 ग्रॅम मैदा किंवा कणीक, त्यात 2 लहान चमचे बेकिंग पावडर, दोन-तीनदा चाळून घ्यायचं, मीठ घालायचं की नाही आणि पावडर कुठली हे मग आपल्या हातात राहतं. लागेल तेवढंच करा, कोकणातल्या पावसाळ्यात तर हवेतल्या दमटपणानेच पावडर डब्यातल्या डब्यात संपून जाते. शंका आली तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर चांगली, नुसती तळाला बसली तर नवीन डबा आणा.