आठवणींची बैठक आणि जीवनकथेची वही: दोन्ही एक नव्हेत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्येष्ठांची देखभाल करणारे ‘आम्ही आजोबांना जुन्या गोष्टी विचारतो’ असं सांगतात, तेव्हा ते दोनपैकी कुठलंही काम असू शकतं. एक म्हणजे आठवणींची बैठक: काही जणांना एकत्र बसवून, हातात एखादी जुनी वस्तू देऊन रंगवलेल्या गप्पा. दुसरं जीवनकथेचं काम: एका माणसाचं आयुष्य त्याच्याच तोंडून ऐकायचं, लिहायचं आणि रोजच्या देखभालीत वापरायचं. ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या सोमवारी नवी मावशी कामावर आली, तर तिच्या हाती काही लागतं का? लागत असेल तर ती जीवनकथा. नाहीतर ती बैठक होती, आणि त्यात कमीपणा काहीच नाही; बैठकीचं फळ त्या तासातच मिळतं.

गल्लत होते कारण दोन्हींचा कच्चा माल एकच. म्हातारपणी मागचं उगाळणं म्हणजे डोकं चळल्याचं लक्षण, अशी एके काळी डॉक्टरांचीही समजूत होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडलं की आयुष्याचा असा हिशेब लावून बघणं ही त्या वयाची स्वाभाविक गरज आहे. त्यातून दोन्ही कामांना बळ मिळालं.

बैठकीला सहा ते आठ माणसं, पाऊण तास, एक विषय आणि हातात धरता येईल अशी वस्तू पुरते. चुकतं ते वस्तूच्या काळात. माणसाला दहा ते तीस वर्षांच्या वयातलं सगळ्यात ठळक आठवतं. आज जे ऐंशीचे आहेत त्यांची ती वर्षं साधारण १९५५ ते १९७५. त्यांच्यापुढे स्वातंत्र्यलढ्याची चित्रं मांडली तर ते सौजन्याने बघतील, बोलणार नाहीत. त्यापेक्षा एक जुना आणा ठेवा. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा ही मंडळी दहा-बारा वर्षांची होती. रुपयाचे सोळा आणे सोडून शंभर पैसे मोजताना दुकानात काय घोळ व्हायचे हे तीच सांगतील. ‘आठवतंय का?’ हा प्रश्न मात्र नको. त्याने गप्पांची परीक्षा होते आणि नापास होणारा गप्प बसतो. ‘दुकानात कोण पाठवायचं?’ असं विचारा. चूक सुधारू नका. कोणी राज्याचं नाव ‘मुंबई’ सांगितलं तर १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ते बरोबरच होतं; आज कर्नाटकात असलेला हा भाग तेव्हा मुंबई राज्यात होता. (सीमाप्रश्न मात्र पहिल्या चार बैठकांत काढू नये, गटात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतली माणसं असतात आणि चहा गार होतो.)

जीवनकथेचं काम एकेकट्याशी चालतं. सहा ते दहा वेळा बसावं लागतं, दर वेळी अर्धा तास, सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर. संध्याकाळी माणूस थकलेला असतो, आणि स्मृतिभ्रंश असेल तर गोंधळ वाढलेला असतो. आधी परवानगी, आणि तीही दोनदा: सांगण्याची वेगळी, वही कोणी वाचायची त्याची वेगळी. तारखा कोणाला आठवत नाहीत, म्हणून खुणा धरायच्या. ‘लग्न कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’ विचारलं की १९६७चा डिसेंबर मधोमध उभा राहतो. दुसरी खूण १९७२च्या दुष्काळाची. घरच्यांचं आणि त्यांचं म्हणणं जुळलं नाही तर वहीत त्यांचंच ठेवावं, घरच्यांचं समासात.

वही पंधरा-वीस पानांची पुरे. एका पानावर एक फोटो, खाली ठळक अक्षरांत दोन ओळी. मूळ फोटो चिकटवायचे नाहीत, प्रती काढायच्या. चकचकीत लॅमिनेशनही नको; दिव्याखाली ते चमकतं आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना कागद पांढराच दिसतो.

आता हे देखभालीला कसं लागतं ते बघू. समजा वडगावातले एक आजोबा दिवसभर चादरीची कड चिमटीत धरून पिळत बसतात. मावशीला वाटतं अस्वस्थ आहेत. ती चादर काढून घेते, आजोबा चिडतात. वहीत एक ओळ असते: चाळीस वर्षं मागावर, ताण्याचे तुटलेले धागे सांधायचं काम. म्हणजे बोटं आपलं काम करताहेत. चादर राहू द्यायची, जवळ सुताची एक लड ठेवायची. मागाच्या खडखडाटात ऐकू कमी आलेलं असणार, म्हणून बोलायचं समोरून. बैठकीत हेच आजोबा धोट्याबद्दल तासभर बोलले असते, सगळ्यांना मजा आली असती, आणि दुसऱ्या दिवशी चादर पुन्हा गेली असती.

आपल्या भागात वहीला एक जादा पान लागतं. देखभाल करणारी मावशी बैलहोंगल-सौंदत्तीकडची, कन्नड बोलणारी, हे नेहमीचंच. आजोबांनी नोकरीभर कन्नड वापरलेली असते, पण स्मृतिभ्रंशात बहुधा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि घरातली मराठी उरते. म्हणून वीस-पंचवीस नेहमीचे शब्द, म्हणजे पाणी, संडास, दुखतंय, थंडी वाजते, पुरे, हे कन्नड लिपीत मराठी उच्चाराने लिहायचे, समोर कन्नड अर्थ. आजोबांना घरात काय हाक मारतात तेही याच पानावर. कन्नड घरातल्या आजी आणि मराठी मावशी असतील तर हेच उलटं.

बिघडतं बहुतेक एकाच प्रकारे: मुलगा एका रविवारी सगळी वही स्वतःच भरतो. त्यात पदव्या, बढत्या, नातवंडांची शाळा येते. वडील उशी कुठल्या कुशीखाली घेतात ते येत नाही. मग कोणी हात लावू नये म्हणून ती काचेच्या कपाटात जाते. याउलट, दगावलेलं मूल किंवा भावकीतला वाद अशा गोष्टी ऐकाव्यात, पण विचारल्याशिवाय वहीत घालू नयेत. बोलताना रडू आलं तर वही मिटून तिथेच बसून राहावं. मावशीसाठी ‘या विषयावर बोलू नये’ एवढी ओळ, तीही त्यांना विचारूनच.

दर तीन महिन्यांनी आवडीनिवडीचं पान तपासावं. चहातली साखर बदललेली असते. वही त्या माणसाची. दवाखान्यात दाखल करताना ती औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर पिशवीत जायला हवी, आणि परत येताना मोजून घ्यायच्या वस्तूंतही.