ह्रुशीन्स्की, रुडॉल्फ

(१७ ऑक्टोबर १९२०–१३ एप्रिल १९९४). चेक रंगभूमी व चित्रपटांतील श्रेष्ठ नट, तसेच दिग्दर्शक. जन्म दक्षिण बोहेमियातील नोव्हा व्चेल्नित्से येथे, नटांच्याच घराण्यात. आजोळची फिरती नाटक मंडळी होती आणि आईवडील तीतच काम करत; त्यामुळे रंगमंचाची ओळख त्यांना वेगळी करून घ्यावी लागली नाही. तरुणपणी ते दिग्दर्शक एमिल फ्रांतिशेक बुरियन यांच्या प्रयोगशील नाट्यगृहात होते. १९६० पासून प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाशी त्यांचे नाते जुळले.

यारोस्लाव हाशेक यांच्या कादंबरीतील शिपाई श्वेइक त्यांनी कारेल स्तेक्ली यांच्या दोन चित्रपटांत (१९५० च्या दशकाची अखेर) साकारला. गोल चेहरा, निरागस हसू आणि वरिष्ठांपुढे तत्परतेने ठोकलेला सलाम. हा माणूस खुळा की बेरकी, याचा पत्ता मात्र ते लागू देत नाहीत.

त्यांची खरी ताकद दिसते ती युराय हेर्झ यांच्या ‘स्पालोवाच मर्त्वोल’ (‘प्रेते जाळणारा’, १९६९) या चित्रपटात. प्रागच्या शवदाहगृहातला कर्मचारी कॉपफ्रकिंगल हा सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ. नाझी विचारांच्या आहारी जाऊन तो आपल्याच माणसांचे खून करतो, आणि तेही आत्म्यांना मुक्ती देण्याच्या समजुतीने. प्रेताचे केस विंचरून तोच कंगवा तो स्वतःच्या केसांतून सहज फिरवतो. ह्रुशीन्स्की आवाज चढवत नाहीत, डोळे वटारत नाहीत. अंगाईसारखी संथ, मऊ बोली शेवटपर्यंत तशीच राहते आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. खलनायक रंगवण्याच्या ठरावीक खुणा इथे एकही नाही.

१९६८ च्या ‘दोन हजार शब्द’ या सुधारणावादी जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली होती. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियावर झालेल्या सोव्हिएत आक्रमणानंतर ती महागात पडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षे चित्रपटांची दारे बंद झाली. त्यांची भूमिका असलेला, दिग्दर्शक यिर्शी मेंझेल यांचा १९६९ मधील ‘स्क्रशिवान्त्सी ना निती’ हा चित्रपट तर डब्यातच राहिला. त्याला बर्लिन चित्रपट महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक ‘सुवर्ण अस्वल’ मिळाले १९९० मध्ये.

मेंझेल यांचे ते आवडते नट. ‘रोझमार्ने लेतो’ मधील स्नानगृहचालक दुरा आणि ‘वेस्निच्को मा स्त्रेडिस्कोवा’ (१९८५) मधील निसर्गाच्या नादात मोटार धडकवणारा गावचा डॉक्टर या त्यांच्या गाजलेल्या भूमिका.

१९८८ मध्ये त्यांना ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताब मिळाला, तर १९९० मध्ये नागरी मंच या लोकशाहीवादी चळवळीतर्फे ते चेकोस्लोव्हाकियाच्या संघीय संसदेवर निवडून गेले. रुडॉल्फ व यान हे त्यांचे मुलगेही नट झाले. निधन प्राग येथे.