समतोल, ऐतिहासिक व्यूहात्मक गेममधील

कोणत्याही बाजूने खेळले तरी जिंकण्याची रास्त संधी उरावी, म्हणून युनिटांची (खेळाडू उभे करतो ते शिपाई, घोडेस्वार वगैरे) किंमत, ताकद, वेग आणि नकाशा यांची केलेली जुळणी. गेम करणारे आणि खेळणारे तिला सरसकट बॅलन्स म्हणतात. युनिटची ताकद वाढवली की ‘बफ’, कमी केली की ‘नर्फ’. दोन्ही बाजू सारख्याच करणे हा समतोलाचा सर्वांत आळशी मार्ग. मावळे आणि मोगल सारखेच लढू लागले, तर इतिहास झेंड्याच्या रंगापुरता उरतो.

पहिला हिशेब किमतीचा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये (१९९९) नाइटला (चिलखती घोडेस्वार) ६० अन्न आणि ७५ सोने लागते, पाइकमनला (लांब भाल्याचा पायदळी शिपाई) ३५ अन्न आणि २५ लाकूड. अपग्रेड (विकत घेतलेल्या सुधारणा) नसताना नाइटची हेल्थ, म्हणजे जीव, १००; चिलखत २, म्हणजे दर घावातून २ वजा. पाइकमनचा हल्ला ४, घोडदळावर आणखी २२. म्हणजे एका घावाला २४, नाइट पाचव्या घावाला पडतो. उलट नाइटचा घाव १० चा आणि पाइकमनची हेल्थ ५५, म्हणजे सहा घाव. तरीही एकास एक नाइटच जिंकतो, कारण त्याचे हात भरभर चालतात. पण एका नाइटच्या खर्चात दोन पाइकमन उभे राहून वर थोडे उरतेच, शिवाय सोने अजिबात जात नाही. समतोल आहे तो इथे. द्वंद्वयुद्ध पाहून युनिट ‘कमजोर’ ठरवणे ही नवख्याची चूक.

घावांच्या संख्येला पायऱ्या असतात. ४५ हेल्थच्या शिपायाला ९ चा घाव पाच वेळा लागतो. १० किंवा ११ केला तरी पाचच. १२ केला की एकदम चार. त्यामुळे ‘थोडेसे वाढवले’ असे पॅचमध्ये (गेमच्या दुरुस्ती-आवृत्तीत) लिहिलेले कधी काहीच करत नाही, तर कधी अख्खा सामना फिरवते.

जिथे इतिहासच विषम आहे, तिथे आकड्यांपेक्षा विजयाची अट कामी येते. पुण्यातला लाल महाल घ्या. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शायिस्ताखानावर छापा घातला. खानाची बोटे गेली, पण छावणीतली फौज शाबूत राहिली. हा प्रसंग गेममध्ये आणताना मावळ्यांचा हल्ला दुप्पट करणे सोपे, पण चुकीचे. मग खेळाडू छावणीच कापत सुटतो. त्याऐवजी मावळ्यांना खानापर्यंत पोचून निसटण्याचे लक्ष्य द्यावे आणि मोगलांना गजर झाल्यावर वेळेत वाटा अडवण्याचे. आत शिरायला समजा ९० सेकंद लागतात. पहारा ३० सेकंदांत जमला तर छापा अशक्य, १८० लागले तर फेरफटका. मधला आकडा खेळूनच सापडतो. दर डावात खानाची खोली बदलली नाही, तर तिसऱ्यांदा खेळणारा डोळे मिटून पोचतो. पुण्यापासून सिंहगडापर्यंतचे अंतर नकाशात फार आखडले, तर पाठलाग संपण्याआधीच गड येतो आणि मोगलांच्या घोडदळाला कामच उरत नाही.

अशा डावाची चाचणी बाजू बदलून घेतात: त्याच दोन खेळाडूंनी आधी मावळे, मग मोगल खेळायचे. नाहीतर चांगला खेळाडू आणि चांगली बाजू यांत फरक कळत नाही.

विन रेट, म्हणजे एखाद्या बाजूच्या विजयांची टक्केवारी, वाचताना आधी दोन्हीकडे तीच बाजू असलेले सामने वगळावेत. ते नेहमी ५० टक्केच दाखवतात आणि खरा कल झाकतात. चारशे सामन्यांत ५३ टक्के विजय दिसले तरी घाई नको, कारण एवढ्या नमुन्यात सुमारे पाच टक्के इकडेतिकडे निव्वळ योगायोगानेही होते. हजार सामन्यांत ही चूक तीन टक्क्यांच्या आसपास येते. नवख्यांचे आणि मुरलेल्यांचे आकडे वेगळे मोजावेत: ज्या युनिटला सतत हाताळावे लागते, ते नवख्यांच्या तक्त्यात पडेल दिसते आणि वरच्या तक्त्यात अजिंक्य. एका पॅचमध्ये किंमत, हल्ला आणि वेग तिन्ही बदलले, तर फरक कशाने पडला ते पुढच्या पॅचलाही समजत नाही.